साइट ५० टक्के झाली, मग ताबा कधी? (प्लॅनिंगवाल्याचं लांबलचक उत्तर)

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. ठाण्यातली रेसिडेन्शियल बिल्डिंग, १४ मजले, मजल्याला ६ म्हणजे ८४ फ्लॅट. ओसीसकट (पालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्रासकट) २० महिन्यांचा प्लॅन, त्यातले १२ संपले. बजेट ४० कोटी, प्लॅनप्रमाणे आत्तापर्यंत २४ कोटींचं काम व्हायला हवं होतं, झालंय २० कोटींचं. डायरेक्टर म्हणतात ५० टक्क्याला १२ महिने लागले तर उरलेल्या ५० ला अजून १२, म्हणजे एकूण २४. एसपीआय (झालेलं काम भागिले प्लॅनमधलं काम) ०.८३ आलाय, २० ला त्याने भागलं तरी २४ च येतात. पण एमएस प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधे शेवटची तारीख जेमतेम तीन आठवडे सरकलेली दिसतेय. नवीन प्लॅनिंग इंजिनिअरने काय धरायचं?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पुढे बरंच लिहिणार आहे. यातला एकही आकडा धरू नका. तुम्ही मजल्यांचं जे स्टेटस दिलंय (ते पुढे येईल) त्यावरून मला हे काम साडेबावीस ते सव्वीस महिन्यांच्या मधे कुठेतरी संपताना दिसतंय आणि नेमकं कुठे ते प्लास्टरवर ठरणार आहे, स्लॅबवर नाही. आता हे कुठून आलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, टक्का. साइटवर मीटिंगमधे सगळ्यात आवडता प्रश्न "किती टक्के झालं?" आणि त्याचं उत्तर ज्याला त्याला हवं तसं निघतं. बिलिंगवाला पैशाने काढतो, साइट इंजिनिअर अंदाजाने सांगतो, सेल्सवाल्याला टॉपचा स्लॅब पडला की ८० टक्के झालेलं असतं. पैशाने काढलेल्या टक्क्यात तर अजून एक गंमत असते, खिडक्यांचं ॲल्युमिनियम आणि लिफ्टचं सामान साइटवर येऊन पडलं, त्याचं बिल पास झालं, की एका आठवड्यात प्रोग्रेस तीन टक्के उडी मारतो, आणि खिडकी एकही बसलेली नसते. शिवाय कॉन्ट्रॅक्टर काही वेडा नाही, ज्याचं बिल मोठं आणि मेहनत कमी ते काम तो आधी उरकतो, म्हणून सुरुवातीचा टक्का नेहमी छान दिसतो आणि शेवटी टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग, शाफ्टमधले पाइप, दरवाज्याच्या चौकटी असली किचकट, कमी पैशाची, जास्त वेळ खाणारी कामं साचतात. ९० टक्क्यावर आलेली साइट सहा महिने ९० टक्क्यावरच का असते त्याचं कारण हे.

याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. कोकण रेल्वेचं काम १९९० मधे सुरू झालं तेव्हा पाच वर्षांत संपवायचं ठरलं होतं. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, साधारण ७४० किलोमीटर. दोन्ही टोकांकडून तुकडे तुकडे सुरू होत गेले, १९९३ मधेच काही भागात गाडी धावायला लागली होती. पण गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा, जेमतेम दीड किलोमीटरचा, तिथली माती इतकी भुसभुशीत की खणलं की खाली यायची. गोव्यात मार्गावरून वाद झाला त्यातही वेळ गेला. आरपार गाडी सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. आता लांबीने टक्के काढा, दीड भागिले ७४० म्हणजे ०.२ टक्के. बाकी सगळं झालंय असं धरलं तर रिपोर्टमधे ९९.८ टक्के लिहिता आलं असतं, आणि मुंबईच्या माणसाला मडगावला थेट गाडी मिळाली नसती. टक्का खोटा नाही, तो फक्त वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. किती काम झालं हे तो सांगतो, कधी संपेल हे सांगत नाही, आणि ज्याला घराचा ताबा हवाय त्याला दुसरंच हवं असतं.

आता एसपीआय. तो ज्या अर्न्ड व्हॅल्यू पद्धतीतून येतो, म्हणजे झालेलं काम प्लॅनमधल्या किमतीने मोजायचं, ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मधे आपल्या कॉन्ट्रॅक्टरांना लावली, खर्चावर नजर ठेवायला ती उत्तम आहे आणि खर्चाच्या बाबतीत मी अजूनही तिच्यावरच चालतो. वेळेच्या बाबतीत मात्र तिच्यात मुळातच खोट आहे. एसपीआय म्हणजे झालेल्या कामाचे पैसे भागिले प्लॅनमधल्या कामाचे पैसे. काम कितीही उशिरा संपलं तरी शेवटी झालेलं काम ४० कोटी आणि प्लॅनही ४० कोटी, म्हणजे एसपीआय १. दोन वर्षं लेट झालेला प्रोजेक्टसुद्धा शेवटच्या दिवशी १ दाखवतो. आणि हे अचानक होत नाही, शेवटच्या एक तृतीयांश टप्प्यात तो हळूहळू १ कडे सरकायला लागतो, नेमकं तेव्हा जेव्हा तुम्हाला खरी माहिती हवी असते.

यावर उपाय वॉल्ट लिप्के यांनी २००३ मधे मांडला, अर्न्ड शेड्यूल म्हणतात त्याला. कल्पना एकदम सरळ आहे, पैशात मागे किती असं विचारायचंच नाही, आज आपण जिथे आहोत तिथे प्लॅनप्रमाणे कधी असायला हवं होतो ते विचारायचं. गाडी कल्याणला आठ चाळीसला यायची ती आठ पंचावन्नला आली तर आपण पंधरा मिनिटं लेट म्हणतो, इतके किलोमीटर लेट असं कोणी म्हणत नाही, तसंच.

तुमचेच आकडे घेऊ. तुमच्या एस-कर्व्हमधे, म्हणजे प्लॅनप्रमाणे कुठल्या महिन्याअखेर एकूण किती कोटींचं काम त्या आलेखात, दहाव्या महिन्याअखेर १८ कोटी आहेत, अकराव्याअखेर २१, बाराव्याअखेर २४. आज झालंय २० कोटी. म्हणजे तुम्ही प्लॅनमधल्या दहा आणि दोन तृतीयांश महिन्यावर उभे आहात, १०.६७. प्रत्यक्ष गेले १२. १०.६७ भागिले १२ म्हणजे ०.८९, आणि २० महिने भागिले ०.८९ म्हणजे साडेबावीस महिने. बघा, एसपीआयने २४ सांगितले होते. मधल्या टप्प्यात एस-कर्व्ह चढा असतो, महिन्याला ३ कोटींचा वेग, त्यामुळे सव्वा महिन्याचा उशीरही पैशात मोठा दिसतो आणि एसपीआय उगाच घाबरवतो. शेवटी कर्व्ह सपाट होतो तेव्हा उलटं. समजा प्लॅनमधे अठराव्या महिन्याला ३८.४ कोटी आहेत आणि तुम्ही विसाव्या महिन्याला ३८.४ वर पोचलात. एसपीआय म्हणेल ०.९६, चला झालंच. अर्न्ड शेड्यूल म्हणेल १८ भागिले २०, ०.९०, अजून दोन महिन्यांच्या वर आहेत. एक्सेलमधे एक कॉलम वाढवायचा आहे फक्त, आजच करा.

पण हेही ब्रह्मवाक्य नाही. साडेबावीस हा आकडा असं धरून चाललाय की जो वेग आत्तापर्यंत होता तोच पुढेही राहील आणि कामाचा क्रम प्लॅनसारखाच आहे. तुमच्या साइटवर क्रम प्लॅनसारखा नाहीये, ते पुढे येतंच. मी हा आकडा दारावरच्या वॉचमनसारखा वापरतो, फाइलमधली तारीख आणि हा आकडा यात महिन्याच्या वर फरक आला की फाइल उघडून बघायची.

तर फाइल. एमएस प्रोजेक्टमधे तीन आठवडेच उशीर का दिसतोय? न बघता सांगतो, यातलं काहीतरी असणार. एक म्हणजे स्टेटस डेटच्या (ज्या तारखेपर्यंतची नोंद भरली तिच्या) आधीची न झालेली कामं अजून मागच्याच तारखांना पडून आहेत. मागच्या महिन्यात करायचं प्लास्टर झालं नाही, तरी फाइल समजतेय की ते मागच्या महिन्यात होणार आहे! प्रायमाव्हेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे डेटा डेट (तीच नोंदीची तारीख) टाकून शेड्यूल केलं की उरलेलं काम आपोआप पुढे ढकललं जातं, एमएस प्रोजेक्टमधे ते आपोआप होत नाही, अपडेट प्रोजेक्टमधे जाऊन उरलेलं काम स्टेटस डेटच्या पुढे रिशेड्यूल करायला सांगावं लागतं. नव्या मुलांपैकी बहुतेकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. दुसरं, कोणीतरी वैतागून मधल्या टप्प्यांवर "याच तारखेला संपलं पाहिजे" अशी कन्स्ट्रेंट घालून ठेवलीय, मग वरती काहीही होवो ती तारीख हलत नाही. तिसरं, कामांना पुढचं-मागचं जोडलेलंच नाही. फाइलमधे प्रत्येक कामाला, अगदी पहिलं आणि शेवटचं सोडून, कोणीतरी आधी आणि कोणीतरी नंतर हवं. जे काम लटकलंय त्याचा उशीर पुढे पोचतच नाही, आणि फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता ते काम किती लांबू शकतं, तो शंभर-दीडशे दिवस दिसतो, ते बघून आपण खूश.

आणि एमएस प्रोजेक्टमधला तो परसेंट कम्प्लीट हा वेळेचा टक्का आहे, कामाचा नाही. दहा दिवसांचं काम, पाच दिवस गेले, ५० टक्के. प्रत्यक्षात भिंतीला चुना लागलेला नसेल तरी. फिजिकल परसेंट कम्प्लीट वेगळं फील्ड आहे. पण मी म्हणतो दोन्ही राहू द्या, सुपरवायझरला टक्के विचारणंच बंद करा. त्याऐवजी दोन प्रश्न: काम खरंच कुठल्या तारखेला सुरू झालं, आणि आजपासून किती दिवसात संपेल. "७० टक्के झालं" म्हणायला माणूस विचार करत नाही, पण "अजून किती दिवस" म्हटलं की तो मनात लेबर मोजतो, सामान आठवतो, आणि खरं बोलायची शक्यता जरा वाढते. रिमेनिंग ड्युरेशन, म्हणजे हे उरलेले दिवस, तेवढी खरी असेल तर बाकी फाइल स्वतःला सांभाळते.

आता मुख्य. तुम्ही लिहिलंय की १४ पैकी १० मजल्यांचे स्लॅब झाले, ब्लॉकवर्क (भिंतींचं बांधकाम) ७ मजले, आतलं प्लास्टर ३ मजले. आणि प्रत्येक मीटिंगमधे चर्चा कशाची? स्लॅबची. कारण स्लॅब रस्त्यावरून दिसतो, पैसे स्लॅबला जोडलेले असतात, ग्राहकाचा हप्ता स्लॅबला जोडलेला असतो. पण स्लॅब तुमच्या कामाचा वेग ठरवत नाहीये. डीपीआर (साइटचा रोजचा प्रोग्रेस रिपोर्ट) उघडा, प्रत्येक गँगला शेवटच्या तीन-चार मजल्यांना मजल्यामागे किती दिवस लागले ते काढा. तुम्ही दिलेल्या तारखांवरून मला स्लॅब साधारण १५ दिवसांना एक, ब्लॉकवर्क २० दिवसांना मजला आणि प्लास्टर २५ दिवसांना मजला असं दिसतंय. उरलेले मजले गुणिले दिवस: स्लॅब ४ गुणिले १५, साठ दिवस. ब्लॉकवर्क ७ गुणिले २०, एकशे चाळीस. प्लास्टर ११ गुणिले २५, दोनशे पंच्याहत्तर दिवस. नऊ महिने झाले की हो! त्याच्यापुढे शेवटच्या मजल्याच्या टाइल, रंग, फिटिंगला तीन महिने, आणि ओसीला तुमच्याच प्लॅनमधले दोन महिने. बारा अधिक नऊ अधिक तीन अधिक दोन, सव्वीस महिने. कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय, बिलाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर होणारं गणित आहे हे.

आणि आज प्लास्टरची दुसरी गँग आणली तर? अकरा मजले, साडेबारा दिवसांना एक, एकशे सदतीस दिवस. पण प्लास्टर ब्लॉकवर्कच्या पुढे पळू शकत नाही, चौदाव्याचं ब्लॉकवर्क एकशे चाळिसाव्या दिवशी संपणार आणि त्या मजल्याचं प्लास्टर त्याच्यापुढे पंचवीस दिवस. एकशे पासष्ट, साडेपाच महिने. मग बारा अधिक साडेपाच अधिक तीन अधिक दोन, साडेबावीस. अर्न्ड शेड्यूलच्या आकड्याशी जुळलं, पण तो योगायोग समजा, त्याने हुरळून जाऊ नका. कारण एक तर दुसरी गँग आली तरी पहिले दोन आठवडे तिचा वेग नसतो, आणि दुसरं, आता ब्लॉकवर्क सगळ्यात मंद झालं, पुढचा साडेचार महिन्यांचा हिशोब विटांवर, म्हणजे ब्लॉकवर अवलंबून आहे. तिसऱ्या गँगला पैसे घालण्यात अर्थ नाही, ती मजला रिकामा व्हायची वाट बघत विडी ओढत बसेल. हे डायरेक्टरांना दाखवलं की कधी कधी ताबडतोब मुकादमाला फोन जातो, मी बघितलंय, कारण साडेतीन महिने ओसी आधी म्हणजे किती व्याज वाचलं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

माणसं वाढवून कुठपर्यंत वेग वाढतो याला मर्यादा असते ती आधी तपासा. साइटवर होइस्ट एकच असेल तर ब्लॉक, सिमेंट, वाळू, टाइल, माणसं सगळं त्यातूनच जाणार, आणि फिनिशिंगला हाच अडथळा सगळ्यात आधी येतो, तरी प्लॅनमधे होइस्टची ओळच नसते. काही गोष्टी माणसांनी हलत नाहीतच. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस ठेवायचे, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४, त्यावरचे २१. म्हणून स्लॅब पडला की लगेच त्याच्याखाली ब्लॉकवर्क सुरू होणार असं कोणी फाइलमधे दाखवलं असेल तर तो मजला टेकूंच्या जंगलाने भरलेला आहे हे त्याला साइटवर नेऊन दाखवा. टॉयलेटला पाणी साठवून गळतीची टेस्ट, प्लास्टरला पाणी मारण्याचे दिवस, हेही तसंच.

तीन अंदाजांच्या त्या फॉर्म्युल्याबद्दल विचारलंय, सगळ्यात कमी दिवस, त्यात नेहमीच्या दिवसांची चौपट आणि सगळ्यात जास्त दिवस मिळवायचे, मग भागिले सहा. तो पर्ट या प्लॅनिंगच्या पद्धतीचा, १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात आला. वापरा, काही बिघडत नाही, पण साइटवरच्या माणसाला "वाईटात वाईट किती" विचारलं तर तो नेहमीच्याच्या वर दोन दिवस सांगतो, खरा वाईट प्रकार त्याच्या तोंडून निघतच नाही. त्यापेक्षा पर्टवाले जे विसरतात ते जास्त महत्त्वाचं आहे. एका फ्लॅटला टाइल सुरू करायच्या आधी चार गोष्टी व्हाव्या लागतात म्हणा, प्लास्टर, इलेक्ट्रिकचे पाइप, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग. प्रत्येक गँग वेळेत येण्याची शक्यता ८० टक्के, छानच की! पण चारही वेळेत असण्याची शक्यता ०.८ चार वेळा गुणून ४१ टक्के. म्हणजे प्रत्येक जण म्हणतोय "माझं बहुतेक होईल" आणि तरी टाइलवाला निम्म्याहून जास्त वेळा येऊन परत जातोय. कुठे तीन-चार रेषा एकत्र येतात ते फाइलमधे शोधा, उशीर तिथे जन्माला येतो. आणि लवकर झालेलं पुढे पोचत नाही हेही लक्षात घ्या, प्लंबर दोन दिवस आधी संपवेल पण टाइलवाला ठरलेल्या दिवशीच येणार, त्याचं दुसऱ्या साइटवर काम चालू असतं. उशीर मात्र पूर्ण पोचतो.

फिनिशिंग सुरू झालं की मी पैसे, टक्के, एस-कर्व्ह सगळं बाजूला ठेवतो आणि फक्त पूर्ण झालेले फ्लॅट मोजतो. पूर्ण म्हणजे पूर्ण, किल्ली फिरवून आत जाता येतंय, नळाला पाणी, स्विचला लाइट, स्नॅग लिस्ट (राहिलेल्या बारीकसारीक दोषांची यादी) बंद. एक दरवाजा राहिला तर तो फ्लॅट शून्य. हे कडक वाटतं आणि साइटवर पहिल्या आठवड्यात भांडणं होतात, होऊ द्या. समजा तेव्हा ८४ पैकी ३८ झालेत, ४६ उरलेत, आणि मागच्या सहा आठवड्यांत झालेले आकडे २, ३, ५, ४, ३, ४ असे आहेत. सरासरी साडेतीन, म्हणजे तेरा आठवडे. आता अजून मागचे सहा आठवडे घ्या ज्यात दिवाळी आणि छठ आलं: ०, १, ३, ४, ३, २. बारा आठवड्यांची सरासरी २.८ वर आली, म्हणजे सोळा आठवडे. तीन आठवड्यांचा फरक निव्वळ कुठून मोजलं यावर पडला. लोक नेहमी चांगले आठवडे घेतात आणि म्हणतात दिवाळी हा अपवाद होता. अहो, अपवाद काय, पुढे होळी आहे, मे महिन्यात गावाकडची लग्नं आहेत, कुठेतरी मतदान आहे आणि जूनमधे पाऊस आहे. वर्षाला चार-पाच वेळा येतो तो अपवाद नसतो.

मग रेंज कशी काढायची? ते बारा आकडे बारा चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, एक उचला, ४६ मधून वजा करा, चिठ्ठी परत डब्यात. शून्यावर येईपर्यंत किती वेळा उचलली तेवढे आठवडे. हे पाचशे वेळा करायचं, अर्थात एक्सेलमधे, इंडेक्स आणि रँडबिटवीन ही फंक्शन्स वापरून, वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला लागत नाही. या आकड्यांना साधारण निम्म्या वेळा सोळा-सतरा आठवड्यांत संपतं, आणि शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा अठरा-एकोणीसमधे. ग्राहकाला सांगायची तारीख ती दुसरी, गँगला द्यायची ती पहिली. ही मोंटे कार्लो पद्धतच आहे, नाव मोठं आहे म्हणून घाबरू नका.

ओसीला मात्र यातलं काही लावू नका. फायर एनओसी, लिफ्ट इन्स्पेक्टरचं लायसन्स, पाण्याचं आणि ड्रेनेजचं कनेक्शन, ही कामं झाली किंवा नाही झाली, मधे काही नसतं. तुमच्या प्लॅनमधे दोन महिने कोणी लिहिले? त्याला विचारा कुठून आणले. मग तुमच्याच कंपनीच्या मागच्या चार-पाच बिल्डिंगांच्या फाइली काढा, अर्ज कधी गेला आणि ओसी कधी आली, प्रत्यक्ष तारखा. त्याच महापालिकेतल्या, गेल्या काही वर्षांतल्या. तिथे चार महिने दिसत असतील तर यावेळी दोनमधे होईल असं मानायला काहीतरी ठोस कारण हवं, "यावेळी आपण लवकर फॉलोअप करू" हे कारण नाही, ते मागच्या वेळीही ठरलं होतं. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधे याच सवयीला प्लॅनिंग फॅलसी म्हटलं, आपलं काम आतून बघितलं की ते नेहमी सोपं दिसतं, त्याच प्रकारची दुसऱ्यांची कामं प्रत्यक्ष किती दिवसात झाली ते बघितलं की डोळे उघडतात. तसे चार महिने निघाले तर माझे वरचे दोन्ही आकडे दोनेक महिन्यांनी पुढे जातात, हेही आत्ताच सांगून ठेवतो. मात्र लिफ्टच्या लायसन्सचा आणि फायरच्या टेस्टिंगचा अर्ज फ्लॅट पूर्ण व्हायची वाट बघत बसू नये, ती रेषा वेगळी सुरू करता येते, त्यात बऱ्याचदा महिना-दीड महिना निघतो.

डायरेक्टरना कसं सांगायचं हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि खरं तर सगळ्यात अवघड. एक तारीख मागतात, तुम्ही रेंज दिली की म्हणतात "नक्की काय ते बोल". तर त्यांना रेंजच्या दोन टोकांना एकेक निर्णय जोडून द्या. "या महिन्यात प्लास्टरची दुसरी गँग आली आणि ब्लॉकचा पुरवठा अडला नाही तर साडेबावीस, काहीच केलं नाही तर सव्वीस, ओसी दोन महिन्यांत मिळते असं धरून." मग ती रेंज राहत नाही, त्यांच्यापुढचा पर्याय होतो. महारेराचा (राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाचा) विषयही इथेच काढा, आवाज न चढवता. तिथे जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख पब्लिक आहे, दर तिमाहीला अपडेट भरावा लागतो, मुदतवाढ हक्काने मिळत नाही, आणि ताबा लांबला तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ग्राहक व्याज मागू शकतो. २० महिन्यांचा तुमचा प्लॅन आणि महारेरावरची तारीख यात किती गॅप ठेवलाय ते मला माहीत नाही, पण सव्वीस त्या गॅपच्या बाहेर जात असेल तर ही बातमी त्यांना आज कळलेली बरी, विसाव्या महिन्यात कळण्यापेक्षा.

आणि एक चार्ट सुरू करा, रिपोर्टच्या पहिल्या पानावर. आडव्या रेषेवर रिपोर्टचा महिना, उभ्या रेषेवर त्या महिन्यात तुम्ही सांगितलेली शेवटाची तारीख. रेघ आडवी चालली तर अंदाज टिकतोय. दर महिन्याला महिनाभर वर चढत असेल तर प्रोजेक्ट शेवटाच्या जवळ सरकतच नाहीये, मग टक्के काहीही म्हणोत. सहा महिने सपाट आणि शेवटी एकदम उभी चढली तर कोणीतरी माहीत असून बोलत नव्हतं. हा एक चार्ट वीस पानी रिपोर्टपेक्षा जास्त बोलतो, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी तो कोणाला नको असतो. बेसलाइन (तुलनेसाठी सेव्ह केलेला मूळ प्लॅन) बदलली तरी हा चार्ट पुसायचा नाही, जुने ठिपके तसेच ठेवायचे.

बेसलाइन बदलायची का असंही विचारलंय. आत्ता नाही. आधी फाइल दुरुस्त करा, लटकलेली कामं जोडा, कन्स्ट्रेंट काढा, रिमेनिंग ड्युरेशन भरा, मग बघा शेवटची तारीख कुठे जाते. माझा अंदाज चोवीसच्या पुढे जाईल. प्लास्टरच्या गँगचा निर्णय झाला की त्याच्यानंतर नवी बेसलाइन, जुनी सेव्ह करून. एमएस प्रोजेक्टमधे अकरा बेसलाइन ठेवता येतात, जागा भरपूर आहे. आणि प्रायमाव्हेरा घ्यायला सांगू का, तर एका बिल्डिंगसाठी नको, त्या पैशात साइटवर एक चांगला डीपीआर लिहिणारा मुलगा ठेवा, कारण वरचं सगळं गणित मजल्यामागे किती दिवस लागले या एका नोंदीवर उभं आहे आणि तुमच्या डीपीआरमधे ब्लॉकवर्कच्या दोन मजल्यांच्या संपल्याच्या तारखाच नाहीत, मी त्या पुढच्या-मागच्यावरून धरल्यात. त्या आधी शोधा, आकडा बदलला तर इथे लिहा, परत बघू.